डाव्या चौकटीची ओळ

चिनी नववर्षाच्या आदल्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास, यिनमेईने दाराच्या उजव्या चौकटीवर लाल कागदाची लांब पट्टी चिकटवली. डावी चौकट जोडीच्या ओळीसाठी रिकामी ठेवली.

आज तिचा बाळंतिणीचा महिना संपला होता. सासूने तिला पहिल्यांदाच उंबरठ्याबाहेर येऊ दिलं आणि पेटीत ठेवलेला फोनही परत दिला. बाळंतिणीने फोन पाहिला की डोळे जातात, असं या सरोवराकाठच्या बायका मानतात.

समोरच्या पेंग काकू दारात आल्या. त्यांच्या चौकटीवर यंदा पांढऱ्या पट्ट्या होत्या. त्यांचे सासरे शरदात वारले. घरात माणूस गेलं की त्या वर्षी लाल चालत नाही, पांढरीच लावतात.

"लाल लावलीस?"

"मग काय लावू? मुलगा झालाय मला."

काकू वळून आत गेल्या. मला मुलगा झाला म्हणून पोटात दुखतंय, यिनमेईला वाटलं.

दरवर्षी पहिली ओळ तिचा नवरा देशुन करायचा, दुसरी त्याची आई. एका उच्चाराचे दोन अर्थ पकडून तो ओळ टाकायचा, आई तोडीस तोड जोड द्यायची. अख्खी गल्ली वाचायला यायची.

यंदाची ओळ यिनमेईने स्वतः रचली होती. हिवाळ्याच्या तोंडावर फोनवर नवऱ्याशी भांडण झालं. देशुन दक्षिणेत जहाजाच्या गोदीवर होता. "तिकडे कोणी असेल तर तिच्याकडेच राहा," ती म्हणाली. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तो तिच्याकडेच राहिला, असं तिने धरलं. टाकलेली बायको म्हणून सासूसमोर उभं राहणं तिला जमणार नव्हतं. फोन येतो, काम फार आहे, असं ती बाळंत होईपर्यंत सांगत राहिली. सासूने कधी खोदून विचारलं नाही. उलट सुनेचे दिवस भरत आलेले असताना ती बहिणीकडे म्हणून गेली आणि बरेच दिवस राहून आली. तो राग यिनमेईच्या मनात होताच.

सासू चष्मा लावून पट्टीसमोर उभी राहिली. कमळाचा कंद मोडला तरी आतला धागा तुटत नाही, असं लिहिलं होतं. धागा आणि आठवण, त्यांच्या भाषेत दोन्हींचा उच्चार एकच.

"हे देशुनने सांगितलं?"

"आत्ताच. फोन हातात आला नि लगेच त्याचा आला."

"त्याच्या ओळीत मासे असतात, डुकरं असतात, शेजाऱ्याला चिमटा असतो."

"बाप झालाय, आई. मऊ पडला असेल."

"असेल." सासूने चष्मा काढला. "अंगावरून जाणं थांबलं ना तुझं?"

"थांबलं."

"दूध?"

"भरपूर आहे."

"चक्कर वगैरे?"

"नाही हो. ठणठणीत आहे मी."

"मग देते जोड. तू आधी बाळाला पोटभर पाज."

यिनमेईने बाळाला पाजलं. सासूला संशय आला नाही, याचं तिला हायसं वाटलं. बाळाला खांद्यावर टाकून, बाळ महिन्याचं झालं की वाटतात ती लाल रंगवलेली अंडी पेंग काकूंना द्यायला ती बाहेर आली.

दारापुढे गल्लीतली माणसं जमली होती. कोणी वाचत नव्हतं, सगळे तिच्याकडे पाहत होते.

डाव्या चौकटीवर सासूची ओळ लागली होती. शाई अजून ओली होती. कागद पांढरा होता.