अडीचशे वॅट

“हे कार्ड मला चालणार नाही,” ती म्हणाली आणि कॉम्प्युटरच्या दुकानातलं सगळ्यात भारी ग्राफिक्स कार्ड तिने काउंटरवरून अलगद मागे सरकवलं.

दुकानदाराला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसावं. त्याने पुन्हा समजावलं. कार्ड विकायचं नव्हतं, द्यायचं होतं. दुकानाचा स्वतःचा गेमिंगचा संघ होता आणि त्यात एक जागा रिकामी होती. कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत, भाड्याच्या खटारा कॉम्प्युटरवर खेळताना त्याने तिला पाहिलं होतं. शत्रू भिंतीआडून बाहेर यायच्या आधीच तिचा नेम तिथे जाऊन थांबलेला असे. असा हात त्याने आजवर पाहिला नव्हता. पण संघाचे सामने ज्याच्या त्याच्या घरून होत आणि रविवारच्या चाचणीचा नियम कडक होता. चित्र अडखळलं किंवा खेळाडूचं कनेक्शन मधेच तुटलं, की बाद.

तिने सांगितलं की हे कार्ड तिच्या कॅबिनेटपेक्षा लांब आहे. त्याने मोठं कॅबिनेट पुढे केलं. मग ती म्हणाली, तिने निवडलेला पॉवर सप्लाय त्याला पुरणार नाही. त्याने तोही बदलून द्यायची तयारी दाखवली. यावर तिने प्रोसेसरसुद्धा एक पायरी खालचा मागितला.

तिने आणलेल्या सुट्या भागांच्या यादीत खोट काढावी म्हटलं तर निघत नव्हती. मदरबोर्डचं सॉकेट, कूलरची उंची, मेमरीचा वेग, सगळं एकमेकांत चपखल बसत होतं. एवढं पडताळून येणारं गिऱ्हाईक क्वचितच मिळे. फक्त एका आकड्यापुढे ती जायला तयार नव्हती. स्क्रीन धरून सगळं अडीचशे वॅटच्या आत. वीजबिलाची काळजी आहे का, असं त्याने विचारलं, तर ती नाही म्हणाली.

बिल करणारी त्याची बायको इतका वेळ ऐकत होती. “लोक अंथरूण पाहून पाय पसरतात,” ती म्हणाली. “हिला आपण अंथरूण वाढवून देतोय, तर ही पाय आखडतेय.”

“आखडूनच छान झोप लागते, काकू,” मुलगी म्हणाली आणि खोकी उचलून गेली.

पोरगी मानी आहे, कुणाचे उपकार नकोत तिला, असं दुकानदाराने ठरवून टाकलं. रविवारी तो तिच्या घरी गेला तेव्हा मोठं कार्ड आणि पॉवर सप्लाय पिशवीत घालूनच गेला. चित्र अडखळायला लागलं की येईल ताळ्यावर, असा त्याचा हिशोब होता. चाचणी सुरू व्हायच्या आधी बदलायला अर्धा तास पुरला असता. पण तिने आधीच खेळून दाखवायला घेतलं आणि पिशवी खुर्चीखालीच राहिली.

पुढची खोली लहानशी होती. खिडकीखाली टेबल, बाजूला घडी घालायच्या राहिलेल्या कपड्यांचा ढीग. कॅबिनेटमधल्या वायरी मात्र वेणी घालावी तशा नेटक्या. तो खेळ बघत नव्हता, स्क्रीनच्या कोपऱ्यातला चित्रांच्या वेगाचा आकडा बघत होता. आकडा हलत नव्हता. एवढ्या कमी विजेत या कार्डाकडून हे होणं कागदावर तरी शक्य नव्हतं.

त्याने विचारलं, तेव्हा तिने साध्या शब्दांत सांगितलं. वेग हवा म्हणून सगळे कार्डाचं व्होल्टेज चढवतात. ती उतरवत गेली होती. कारखान्यात प्रत्येक कार्डाला गरजेपेक्षा थोडं जास्तच व्होल्टेज देतात, म्हणजे त्यातलं सगळ्यात कच्चं कार्डसुद्धा चालावं. तिचं कार्ड कच्चं नव्हतं. थोडं उतरवायचं, खेळून बघायचं, अडकलं की एक पायरी वर यायचं. वेग तोच राहिला, वीज बरीच कमी लागली. दुकानदाराने कितीतरी कार्डं विकली होती. कार्डाची अशी ओळख करून घेणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटलं होतं.

चाचणी सुरू झाली. ती सहज पुढे होती. शेवटची फेरी तेवढी उरली आणि डोक्यावरचा पंखा मंदावत थांबला. दिवे गेले. स्क्रीन आणि नेट मात्र चालूच होते.

तिने पहिल्यांदाच स्क्रीनवरून नजर काढली आणि मागच्या अर्ध्या लोटलेल्या दाराकडे पाहिलं. तेवढ्या क्षणात तिचा खेळाडू दोन गोळ्या खाऊन बसला. पंखा थांबल्यामुळे आता आतल्या खोलीतली घरघर ऐकू येत होती, एका लयीत, मधूनमधून हलकासा सुस्कारा टाकणारी. ती तिने नीट ऐकून घेतली. मग वळली आणि फेरी संपवली.

थोड्याच वेळात संघाकडून निरोप आला. जागा तिची होती.

अभिनंदन करायला दुकानदार उठला आणि दाराच्या फटीतून त्याला आतलं दिसलं. उशांना टेकून बसलेली एक बाई. नाकाशी पारदर्शक नळी. नळी जमिनीवरच्या ऑक्सिजनच्या यंत्राकडे गेलेली. यंत्राची वायर कोपऱ्यातल्या इन्व्हर्टरकडे. त्याच इन्व्हर्टरमधून दुसरी वायर निघाली होती आणि दाराखालून या टेबलापर्यंत आली होती. बाईंनी त्याला पाहून हात वर केला, उभे का, बसा ना, असं खुणेनेच सांगितलं.

त्याने इन्व्हर्टरवरचा आकडा वाचला. मग यंत्रावरचा वाचला.

“इन्व्हर्टर एकच आहे, काका,” कॉम्प्युटर बंद करता करता ती मागून म्हणाली. “आईला लागतं ते आधी बाजूला काढलं. उरलं, त्यात मी बसवलं.”