आभारप्रदर्शन

"आजच्या मार्गदर्शनाबद्दल आम्ही सर्व विद्यार्थी आपले—"

कोतोहा अडकली. माइकमधून तिचा श्वास सगळ्या सभागृहाला ऐकू गेला.

पुढचं वाक्य सोपं होतं. वर्गशिक्षक उदागावा सरांनी ते परवाच तपासून दिलं होतं. म्हणजे व्याख्यानाच्या आधी. पाहुणे दरवर्षी तेच बोलत, आभारही तेच. आज पोलीस खात्याचे मियाजिमा साहेब अमली पदार्थांवर बोलायला आले होते. पडद्यावर सुया, पांढरी पूड, अंधारात उभा अनोळखी माणूस. त्याला ठामपणे नाही म्हणा.

"आम्ही अशा गोष्टींपासून—"

जमिनीवर मांडी घालून बसलेली अख्खी शाळा वाट पाहत होती. हे वाक्य आज सगळ्यांसमोर बोललं, की मग खरं कधीच कुणाला सांगता येणार नाही.

तिनं कागदाची घडी घातली.

"साहेब, नाही कुणाला म्हणायचं? मला कुणी देत नाही. मीच विकत आणते. खोकल्याच्या गोळ्या. एका दुकानात जास्त देत नाहीत, म्हणून दुकानं बदलते. मूठभर घेतल्या की घरातली भांडणं लांब जातात. आता सोडायच्या म्हटलं तर सुटत नाहीत."

"खोकल्याच्या? मग आमची आजी तर नशेबाजच की!" मागून कुणीतरी. हशा.

"कोतोहा, कागदावरचं वाच!" उदागावा सर. दबक्या आवाजात.

तिनं वाचलं नाही.

शाळेच्या आरोग्य कक्षात तिथल्या परिचारिका नोनाका बाईंनी तिला खाटेवर बसवलं. खांद्यांवर पांघरूण टाकलं.

"बाई, शाळेतून काढतील मला?"

"काढून तर बघू देत. उद्या डॉक्टरांकडे जायचं. मी येते सोबत. घरी काय सांगायचं, तेही दोघी मिळून सांगू."

कोतोहा तेव्हा कुठे रडली.

दार सरकलं. मियाजिमा साहेब. टोपी हातात. कोतोहानं पांघरूण घट्ट ओढून घेतलं.

बाई मध्ये उभ्या राहिल्या. "साहेब, पोरगी आजारी आहे. चौकशीबिकशी इथे नाही चालणार."

"चौकशी नाही, बाई."

त्यांनी मागे वळून दार नीट लावून घेतलं. दाराकडेच तोंड ठेवून बोलले.

"कुठल्या गोळ्या, तेवढं सांगशील का गं, पोरी? माझी मुलगी तुझ्याएवढीच आहे. तिचा खोकला थांबत नाही, म्हणून दर रविवारी मीच आणून देतो."