नाव नसलेला फॉर्म

चाळीस फॉर्म वाचून झाले तेव्हा उत्तराबाई खुशीत होत्या. ‘मराठीचा तास कधी संपूच नये असं वाटायचं.’ ‘बाई खूप प्रेमळ.’ दहावीच्या मुलांनी निरोपाच्या दिवशी शाळेबद्दलची मतं लिहून दिली होती, नाव न घालता. बोर्डाची परीक्षा संपल्यावर मुख्याध्यापकांनी तो गठ्ठा वर्गशिक्षिकेच्या, म्हणजे त्यांच्याच हातात दिला होता.

एकेचाळिसाव्या फॉर्मवरचं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मुद्दाम वेडंवाकडं काढलेलं होतं.

‘बाईंनी वर्गात माझ्या बोलण्याची नक्कल केली. सगळे हसले. त्यानंतर मी वर्गात तोंड उघडलं नाही.’

बाईंना लगेच आठवलं. निकिता. सिन्नरकडच्या खेड्यातून आठवीत नाशिकला मामाकडे शिकायला आलेली. धड्यावर बोलताना ती म्हणाली होती, “त्याला लय वाईट वाटलं.” बाईंनी मान वेळावत तेच वाक्य तिच्या सुरात म्हणून दाखवलं होतं. वर्ग खदखदून हसला होता. बाईसुद्धा.

दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. घरात कुणाला सांगायचीही लाज वाटत होती. परीक्षेनंतर निकिता गावी परतली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या सिन्नरच्या एसटीत बसल्या आणि पुढे जीपने तिच्या गावात पोहोचल्या.

निकिता अंगणात शेंगा फोडत बसली होती. बाईंना बघून ताडकन उठली. तिच्या आईने, लंकाबाईंनी, लगबगीने चहा टाकला.

कप तसाच हातात धरून बाई म्हणाल्या, “निकिता, आठवीत मी भर वर्गात तुझी नक्कल केली. फार चुकलं माझं. मला माफ कर.”

लंकाबाई गोंधळल्या. “अहो बाई, पोरीला कशाला असं म्हणता? आमचं बोलणंच तसं हाय.”

“तिच्या बोलण्यात काही वाईट नव्हतं. वाईट मी वागले.”

निकिताचे डोळे भरून आले. ओढणीने ते पुसत ती म्हणाली, “असू द्या, बाई.”

बाईंना एकदम हलकं वाटलं. आता चहाही गोड लागला.

निकिता त्यांना जीपपर्यंत सोडायला आली. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “फॉर्ममध्ये लिहिलंस ते बरं केलंस. नाहीतर मला कधी कळलंच नसतं.”

निकिता थबकली. “मी नाय लिहिलं, बाई.”

“घाबरू नकोस गं. मी रागावले नाहीये.”

“खरंच नाय. कुणाचं असंल काय माहीत. नक्कल तर तुम्ही कितीतरी जणांची करायचात.” ती जरा घुटमळली. “पण तोंडीचे मार्क तुमच्या हातात होते ना. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून चांगलंच लिहायचं ठरवलं होतं.”