धोंडूचा धनंजय

पहिली दोन मुलं तान्हेपणीच गेली, तेव्हा सरूबाईने तिसऱ्याचं नाव धोंडू ठेवलं. दगडधोंडा कोण कशाला उचलून नेईल!

पोर जगलं. शहरात जाऊन धनंजय झालं. "आई, चारचौघांत धोंड्या म्हणू नकोस," त्याने बजावलं. तिने सुनेलाही ते नाव कळू दिलं नाही.

चाळिशीत कॅन्सरने त्याला अंथरुणाला खिळवलं. डॉक्टरांनीही हात टेकले. एका दुपारी त्याने आईचा पदर धरला.

"आई, मला धोंडू म्हण."

"धोंड्या! अरे धोंड्या, ओ दे रे!" ती हाका मारत राहिली.

औषध घेऊन आलेली सून दारातच थबकली. "कुणाला हाका मारताय, आई?"

सरूबाईने लेकाचे डोळे मिटले आणि सुनेला त्याचं पाळण्यातलं नाव सांगितलं.