दम्याला मानवणारी हवा

“कोटवाले, मान खाली,” न्हावी त्यांच्या कानाशी गरजला.

कोटवाल्यांनी मान खाली घातली. या बेटावर सगळेच असे ओरडून बोलत. पोस्टमन, मासळीवाली, समोरच्या घरातली आजी, हळू बोलणं कुणाला माहीतच नव्हतं. बायकोला विचारलं तर म्हणाली, “अहो, समुद्र सारखा वाजत असतो ना. सवय असते त्यांना.”

कोटवाल्यांचा सगळा जन्म बर्फाळ गावात गेला होता. तिथे खिडक्या बंद, दारं बंद, तोंडंही बंद. लोकरीचे कोट शिवताना मापापुरतं बोलावं लागे. मुलगी सासरी गेल्यावर घरात तेवढंही लागेना. मग बायकोला दमा झाला. डॉक्टरांनी उबदार हवा सांगितली आणि बिऱ्हाड इथे आलं. हवेबद्दल तक्रार नव्हती. पण माणसं रस्त्यात गाठून जेवलात का विचारत, झोप लागली का विचारत. कोटवाले उत्तर न देता पुढे जात. शेवटी त्यांनी ठरवलं, तिला इथे मानवलंय, तिने राहावं. आपण रविवारच्या लाँचने परत जावं. काल जेवताना त्यांनी तसं सांगितलं. तिने फक्त त्यांना दोनदा भात वाढला.

बाकावर लाँचवाला चहा पीत बसला होता.

“एकटेच निघालेत म्हणे,” तो हळूच म्हणाला.

“बोल बिनधास्त, त्यांना ऐकू येत नाही,” न्हावी म्हणाला. “वहिनींनी आल्या आल्याच घरोघर सांगितलं, यांचे कान गेलेत, उत्तर दिलं नाही तर राग मानू नका.”

“आणि वहिनींच्या दम्याचं काय?”

“कसला दमा? रोज माझ्या बायकोबरोबर टेकडी चढतात. आमचीला धाप लागते, त्या वर जाऊन गाणं म्हणतात. डॉक्टर बोलले होते ते यांच्याबद्दल. नुसते भिंतीकडे बघत बसायचे. माणसांत न्या, नाहीतर माणूस हातचा जाईल म्हणाले. आता स्वतःसाठी हे हलले असते का? म्हणून वहिनींनी दम्याचं सोंग काढलं.”

कात्री चालत राहिली. कोटवाले आरशात बघत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला.

“कल्ले जरा बारीक ठेवा.”

कात्री थांबली. लाँचवाल्याला चहाचा ठसका लागला.

“म्हणजे, ऐकू येतं तुम्हाला?” न्हाव्याने विचारलं, तेही ओरडूनच.

“येतं. घरी बोलू नका.”

ते घरी आले तेव्हा बायको त्यांची बॅग भरत होती. तिने मान वर केली नाही.

“छान कापलेत केस,” ती म्हणाली.

कोटवाले खुर्ची ओढून तिच्या समोर बसले. असं समोर बसून बोलायची त्यांची सवय कधीच सुटली होती.

“तुझा दमा कसा आहे?”

ती गोंधळली. मग तोंडावर हात धरून तिने दोनदा खोकून दाखवलं.

“आहे अजून थोडा.”

“मग मला कसं जाता येईल?” कोटवाले म्हणाले. “उद्यापासून त्या टेकडीवर मीही येतो. गाता गाता धाप लागली तर धरायला कुणीतरी हवं.”