अर्धा रुंबा

मुतिंताने नवऱ्याचा जुना अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या नकळत उचलला आणि किट्वेच्या बाजारात चिलेशे मेकॅनिकपुढे आणून ठेवला.

“डावी बाजू मुकी आहे रे. इतकी वर्षं हा माणूस अर्धाच रुंबा ऐकतोय. दुरुस्त करून आण म्हटलं की टाळतो. आळशी मेला.”

चिलेशेने झाकण उघडलं. “मावशी, हा बिघडलेलाच नाही. डावीकडची वायर कुणीतरी मुद्दाम सोडवलीय, टोकाला नीट टेप गुंडाळून. डावा स्पीकर कुठे असतो घरात?”

“माझ्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला...” ती बोलता बोलता थांबली. नर्सची सगळी नोकरी तिने रात्रपाळीत काढली होती. झोप दिवसाची.

“मग, जोडू का?”

“जोड. परवाच निवृत्त झाले मी. आता दोन्हीकडून ऐकू दे माझ्या आळशाला.”