भरतीच्या वेळची गोष्ट

शनिवार-रविवारच्या साहित्यसंमेलनाचा मांडव चिटणीसांनी ओहोटी पाहून वाळूवर घातला, आणि वक्त्यांनी असं पाल्हाळ लावलं की शिंपीणकाकूंचा नंबर भरतीबरोबरच लागला. आयुष्यात लिहिलेली पहिली गोष्ट! "पाणी चढतंय काकू, आटपा पटकन," चिटणीस म्हणाले. लोक उठून जाताना दिसायला नकोत म्हणून काकूंनी कागदातून डोकंच वर काढलं नाही. लाट व्यासपीठावर चढणार, तोच सासूबाई तिच्यावर खेकसल्या, "गप गं मेले, माझी सून वाचतेय!" खोटं वाटेल, पण लाट तिथेच थबकली आणि गोष्ट संपल्यावरच मागे फिरली. काकूंनी भीत भीत वर पाहिलं. अख्खं गाव कमरेभर पाण्यात चिडीचूप उभं होतं, चपला हातात घेऊन. "आता मारतायत!" काकू पुटपुटल्या. पण टाळ्यांना हात मोकळे नव्हते म्हणून गावाने चपलेवर चप्पल आपटली. त्या कडकडाटात समुद्राची गाज ऐकूच येईना.